पांढऱ्या झग्यातली साध्वी

समस्त लहानथोर मंडळींनी कान देऊन ऐकावे! आज या ठिकाणी एका अत्यंत गंभीर, देशाच्या आणि कदाचित परलोकाच्याही दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टीचा उलगडा होणार आहे. ज्यांना पान थुंकायचे असेल त्यांनी आत्ताच बाहेर जाऊन थुंकून यावे. मध्येच उठणाऱ्याची जागा गेल्यास तंबूवाले जबाबदार नाहीत.

झालं? बसलात? आता आवाज खाली आणतो. मला एवढंच म्हणायचं होतं, की ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. मित्रांना नाही, बायकोला तर मुळीच नाही. आणि मी काही मुका माणूस नव्हे. चार माणसं जमली की तोंड उघडतो आणि चहा गार होईपर्यंत मिटत नाही, अशी माझी ख्याती आहे. माझ्या फजितीच्या पन्नास गोष्टी जळगावातल्या कोणालाही विचारा, पाठ असतील. पण ही एक-- ही मी नेहमी बाजूला ठेवत आलो.

आता पडदा बोलतो, गातो, रडतो; सगळं स्वतःच करतो. आमच्या वेळी तो मुका होता, आणि त्याच्या वतीने बोलायला एक माणूस ठेवावा लागे. पडद्याच्या डाव्या अंगाला एका खोक्यावर उभं राहायचं, हातात वेताची छडी घ्यायची, मध्ये मध्ये इंग्रजी अक्षरं उमटली की ती वाचायची आणि लोकांना मराठीत, जमलं तर अहिराणीत, काय चाललंय ते सांगायचं. तो माणूस मी. मॅट्रिकला दोनदा नापास झालेला, म्हणजे खेड्यापाड्यांच्या हिशोबाने प्रचंड इंग्रजी येणारा. लोक मला मास्तर म्हणत. तंबूचा मालक मगनशेठ, यंत्र फिरवणारे गफूरचाचा, आणि मी. पिकं निघाली की आम्ही बाहेर पडायचो-- धरणगाव, भडगाव, पार साक्रीपर्यंत. चित्र उजळ दिसावं म्हणून पडद्यावर पाणी शिंपडायचं आणि दिवेलागण झाली की खेळ सुरू.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्याचं बोललेलं वाचून दाखवण्यात काय मोठेपणा? अहो, सगळा मोठेपणा त्यातच! पडद्यावरच्या बाईने ओठ हलवले की ती काय म्हणाली हे ठरवणारा तालुक्यात एकच माणूस. मी तिला रडवू शकत होतो, शिव्या द्यायला लावू शकत होतो. चोविसाव्या वर्षी असं राज्य हाती आल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहील?

तर एका हंगामात शेठने एक विलायती चित्र आणलं. सहा रिळांचं. त्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. आम्ही ते लगेच बदललं होतं. गोष्ट अशी. एक श्रीमंत, मिशाळ गृहस्थ असतो. त्याची बायको त्याच्यावर फार प्रेम करते. पण फार म्हणजे किती, हे त्याला मोजून हवं असतं. म्हणून तो काय करतो? समुद्रात बुडून मेल्याची खोटी बातमी घरी धाडतो, मिशी काढून दाढी चिकटवतो आणि आपल्याच घरासमोर खोली घेऊन खिडकीत बसतो. बायको रडते, तसा हा इकडे खूश होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा रडते. आणखी खूश. मग एके दिवशी ती जेवते. हा चिडतो! मग ती खिडक्या उघडते, फुलांना पाणी घालते, एका सभ्य डॉक्टरशी दोन शब्द बोलते-- आणि हा तिकडे दाढी उपटायला लागतो. शेवटी ती त्या डॉक्टरशी चर्चमध्ये लग्न करायला जाते. हा धावत सुटतो. लग्न मोडायला धावता धावता पुलावरून घसरतो, नदीत पडतो, आणि यावेळी खरोखर मरतो. त्यानंतर शेवटची अक्षरं येतात, त्यांचा अर्थ असा, की त्याच्यासाठी कोणी रडलं नाही. त्याच्यासाठी रडून कधीच झालं होतं.

काय चित्र होतं हो ते! मी पहिल्यांदा एकट्याने पाहिलं आणि खोक्यावर बसून राहिलो. आपण मेल्यावर लोक कसे रडतील हे कोणाला बघायचं नसतं? मी लहानपणी आजारी पडलो की हेच बघायचो. आणि रडणं कधीतरी थांबतं, पुन्हा भूक लागते, हे त्या खुळ्यासारखंच आपल्याला सहन होत नाही. ते चित्र करणारा माणूस शहाणा होता. मी नव्हतो.

पहिला खेळ धरणगावला. पाचव्या रिळापर्यंत सगळं ठीक चाललं. मग ती बाई चर्चच्या पायऱ्यांवर आली. पायघोळ पांढरा झगा, डोक्यावरून पांढरी जाळी, मान खाली. मी तोंड उघडणार, "मंडळी, पहा, वधू--" तेवढ्यात दोराच्या पलीकडून, बायकांच्या बाजूने, एक म्हातारी कळवळली: "व माय! बिचारी पांढरं नेसनी!"

आणि सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आपल्याकडे पांढरं कोण नेसतं? त्यांना दुसरं काय कळणार? गोऱ्यांच्यात नवरी पांढऱ्यात असते, हे सांगायला मी तिथे होतो. त्यासाठीच तर होतो. पण मी त्या हुंदक्यांकडे कान दिला-- दोनशे माणसं, आणि सगळी मुठीत!-- आणि माझी जीभ आपोआप वळली. "पहा, पहा ही साध्वी! पतीच्या नावाने पांढरं नेसून देवळाच्या पायऱ्या चढते आहे!"

एकदा साध्वी म्हटल्यावर पुढचं सगळं ओघाने आलं. डॉक्टर तिचा भाऊ झाला. त्याने तिच्या बोटात अंगठी घातली, ती भाऊबीज झाली. पाद्री पुजारी झाला. शेवटच्या रिळात तो गृहस्थ बुडाला तेव्हा मात्र काय बोलावं ते मला सुचेना, आणि लोक हिरमुसून उठले. शेठने मला बाजूला घेतलं. "मास्तर, लोक रडले तरी चालशे, पण घरी हसत गेले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गफूरचाचांनी कात्री काढली. पहिल्या रिळात नवरा परगावाहून येतो आणि दारातच बायकोला मिठी मारतो, तो तुकडा कापून शेवटी चिकटवला. दाढी लावण्याचा प्रसंग काढून टाकला. बुडण्याचं रीळ पेटीतच ठेवलं. आता गोष्ट काय झाली? नवरा समुद्रात बुडाला अशी बातमी येते, साध्वी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसते, समोरच्या खिडकीतला दाढीवाला बदमाश तिच्यावर वाईट नजर ठेवतो, पण ती ढळत नाही, आणि तिच्या पुण्याईने एक दिवस नवरा दारात उभा! गंमत पहा-- दाढीवाल्यावर लोकांनी चपला फेकल्या आणि नवरा आल्यावर टाळ्या वाजवल्या. माणूस एकच! कोणाच्या लक्षात आलं नाही. गफूरचाचा यंत्राआड तोंडात रुमाल कोंबून हसायचे. अकरा दिवस तंबू भरला.

तुम्हीही हसताय ना? हसा. इथपर्यंतचं मी कोणालाही रंगवून सांगितलं असतं. लबाडी होती, पण कोणाचं काय बिघडलं? -- मी इथे थोडा थांबतो. दरवेळी मनातल्या मनात सांगतानाही मी इथेच थांबत आलो आहे.

धरणगावला माझे चुलते राहत, आबा. त्यांच्या घरी त्यांची मुलगी जनाअक्का, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचा नवरा पहिल्या जर्मन लढाईत खेचरांच्या तुकडीबरोबर बसऱ्याकडे गेला होता आणि नदीत होडी उलटून वाहून गेला, असा कागद आला होता. त्याला सात-आठ वर्षं झाली होती. अक्का तेव्हापासून माहेरी. आमच्यात विधवेचा पाट लावायची, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायची रीत आहे. वाजतगाजत होत नाही, एवढंच. पण सगळी वर्षं ती नाही म्हणत आली. तो परत येईल म्हणून नव्हे-- आबांनी तिला कधी विचारलंच नीट नव्हतं. मग भडगावहून नथ्थूनाना येऊ लागले. गिरणेकाठी शेती, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माणूस इतका कमी बोलायचा, की पहिल्यांदा आला तेव्हा आबांना वाटलं बैल विकत घ्यायला आलाय. यायचा, ओट्यावर बसायचा, आबांच्या खाटेची सैल झालेली सुतळी ओढून घट्ट करायचा, चहा प्यायचा, जायचा. चौथ्या खेपेला अक्का आतून म्हणाली, "खाट तं नवी व्हई गई, आते तरी बोला!" आणि ते हसले. पाट ठरला. नानांनी हिरवं लुगडं आणून दिलं.

त्याच आठवड्यात आमचा तंबू लागला.

कात्री लागल्यानंतरच्या खेळांना अक्का तीन वेळा आली. चुलत भावाचा खेळ म्हटल्यावर तिला कोण अडवणार? मी खोक्यावरून पाहत होतो, बायकांत ती पहिल्या ओळीत. मला बरं वाटायचं. खरं सांगतो-- मी तिच्याकडे बघूनच जास्त रंगवायचो.

तिने तिसऱ्यांदा खेळ पाहिला त्यानंतरच्या दुपारी मी तंबूचं फाटकं कापड शिवत बसलो होतो. ती आली. समोर बसली. मग म्हणाली, "रघू, एक खरं सांग. त्या बाईना नवरा खराखुरा परत उना का रे?"

आता ऐका. मी इतकी वर्षं जे लपवलं ते तंबूतलं नाही. ते हे.

तिथे प्रेक्षक नव्हते. शेठ गावात गेले होते. अंधार नव्हता, हातात छडी नव्हती. माझी बहीण भर उन्हात बसून खरं विचारत होती. का विचारते आहे हे मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. तिचा नवराही पाण्यातच गेला होता. त्याचंही प्रेत कोणी पाहिलं नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं: "अक्का, ते लग्न आहे. ती बाई दुसरं लग्न करते आणि सुखी होते, आणि चित्र तिच्या बाजूचं आहे." तीन वाक्यं. शिवता शिवता झाली असती.

पण मग तिला कळलं असतं, की तीन दिवस ती ज्याच्यासाठी रडली ते मी रचलेलं होतं. तिच्या डोळ्यांत मी जो मास्तर झालो होतो तो पुन्हा मॅट्रिक नापास रघू झाला असता. मी सुई खाली ठेवली. आणि माझ्या त्या खोक्यावरच्या आवाजात-- चारचौघांसाठीच्या शुद्ध आवाजात, विचार करा, घरच्या माणसाशी!-- म्हणालो, "अक्का, माणूस खोटं बोलेल. पण कॅमेरा? तो बोलत नाही, तो फक्त दाखवतो."

ती उठली. संध्याकाळी तिने कुंकू लावलं.

आबांनी आकांत केला. "बठ्ठं गाव हासी राह्यनं!" पण अक्काचं एकदा ठरलं की ठरलं. तिने बांगड्या भरल्या, पाट मोडला, आणि लुगडं परत द्यायला आबांनी कोणाला पाठवावं? मला. मी तालुक्यांतून फिरणारा, चार माणसांत बोलणारा, म्हणून.

नथ्थूनाना शेतातच भेटले. लुगड्याची घडी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडून पाहिली-- डाग पडलाय का ते बघावं तशी-- आणि पुन्हा नीट घडी घातली. मग विचारलं, "मनं काही चुकनं का, भाऊ?"

दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा मला विचारलं गेलं, आणि यावेळी तर विचारणारा इतका साधा, की मी खरं सांगितलं असतं तर कदाचित तो त्याच पावली धरणगावला निघाला असता. मी म्हणालो, "नाही नाना. तिच्या मनाचं काय सांगावं." म्हणजे दोष पुन्हा तिच्यावरच ढकलला. त्यांनी मला भाजलेल्या शेंगा दिल्या आणि नदीच्या उतारापर्यंत सोडायला आले. शेंगा मी वाटेत सगळ्या खाल्ल्या. चांगल्या होत्या.

पुढच्या वर्षी त्यांनी दुसरीकडे पाट लावला. मुलंबाळं झाली.

आणि अक्का? अक्का झुरली-बिरली नाही, तसं सांगितलं तर मी पुन्हा रंगवतोय म्हणा. तिने आबांची शेती सांभाळली, आबांच्या मागे धाकट्या भावाच्या बायकोशी रोज भांडली, म्हशी पाळल्या. फक्त गावाला तिचं काय करावं ते कधी कळलं नाही. सवाष्णी जेवायला घालायच्या तर हिला बोलवायचं का? कुंकू तर आहे, पण कोणाच्या नावाचं? विधवांच्या ओळीत बसवायचं तर अंगावर धावून येते. मग बायकांनी उपाय काढला: पंगत उठली की मागाहून तिला ताट घरी पाठवायचं. वीस वर्षं ताट घरी आलं. ती ताट घ्यायची, धुवून परत पाठवायची आणि काही बोलायची नाही. एवढी बोलकी बाई.

सुरुवातीला ती मला विचारायची, बसऱ्याहून कोणी आलं का, कोणी भेटलं का. मग तेही थांबलं. कुंकू राहिलं.

तर अलीकडची गोष्ट. ही दुसरी लढाई चालू होती आणि नव्या फिल्मांचा तुटवडा पडला होता. अक्का दाढ काढायला जळगावला माझ्याकडे आली होती. दाढ निघाली, गाल सुजला, आणि तिचं कण्हणं ऐकून माझी बायको म्हणाली, वन्संना दुपारच्या खेळाला तरी न्या, तेवढंच लक्ष लागेल. जवळच्या थिएटरात कुठल्या गोदामातून काढलेलं जुनं मुकं चित्र लावलं होतं, नवं नाव देऊन, बरोबर पेटीवाला बसवून. मी फलक पाहिला, काही ओळखलं नाही. आत जाऊन बसलो.

दिवे गेले. एक मिशाळ गृहस्थ परगावाहून आला आणि दारातच त्याने बायकोला मिठी मारली.

ती मिठी आता सुरुवातीला होती, जिथे ती असायची. अक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला अजून वाटत होतं, चित्र उलटं लावलं असेल. मग दाढी आली. त्याने आरशात बघून ती चिकटवली, नीट दाबून, मिटक्या मारत. अक्का पुढे सरकली. आणि मी! उभ्या आयुष्यात ज्याला कधी शब्द कमी पडला नाही, तो मी खुर्चीचा हात धरून गप्प बसलो. ती बाई रडली. जेवली. खिडक्या उघडल्या. फुलांना पाणी घातलं. आणि मग पांढऱ्या झग्यात चर्चच्या पायऱ्यांवर आली.

अक्काने धुळ्याला मिशनातल्या एका नर्सबाईचं लग्न पाहिलं होतं, हे मला पुढे कळलं. तिने सुजलेल्या गालावरचा पदर काढला आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, "हाई तं लगीन शे."

मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल. मी वाट पाहत होतो. तिने बघितलंच नाही. तिची नजर पडद्यावरून हलली नाही. तिकडे पादऱ्याने पुस्तक उघडलं होतं, डॉक्टरने अंगठी काढली होती, आणि इकडे रस्त्यावरून तो दाढीवाला टोपी फेकून, लोकांना ढकलत, चर्चच्या उघड्या दाराकडे धावत सुटला होता. पेटीवाल्याने सूर चढवला. आणि माझ्या शेजारची ती कुंकू लावलेली, गाल सुजलेली बाई खुर्चीवरून ताडकन उठली आणि सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशी ओरडली--

"अरे, दार लावा रे कोनी तरी! तो यी राह्यना!"